लोक देश का सोडितात? आयर्लंडातील दुष्काळाची हकीगत

दुष्काळी मुलखातून माणसे बाहेर पडू लागली म्हणजे शहरातील पेढ्यांवर त्यांविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक असे की, ही माणसे केवळ पोटाच्या आगीने निघाली आहेत. पाऊस पडून पीक हाती आले की आपोआप माघारी जातील. दुसरे असे की, या लोकांस घरादाराची मुळी आस्थाच नाही. जेथे चार पैसे अधिक मिळतील तेथे ते जाणार. ही मते सांगणारे गृहस्थ स्वतः बिऱ्हाड डोक्यावर घेऊन कधी निघालेले नसतात, ही गोष्ट निराळी. परंतु प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. कुटुंब गाव नक्की कोणत्या घडीस व कोणत्या कारणाने सोडिते हे कळल्यावाचून, त्यास मदत केव्हा पोहोचवावी व कोणत्या अटीवर द्यावी, हे ठरविता येत नाही. यास्तव ज्या एका देशांतराची कागदोपत्री हकीगत फार तपशिलाने उपलब्ध आहे, त्या आयर्लंडातील देशांतराची हकीगत येथे थोड्या विस्ताराने देत आहोत.

आयर्लंड हे ब्रिटनच्या पश्चिमेस असलेले बेट. १८४१ सालच्या खानेसुमारीत तेथील लोकसंख्या ८१,७५,१२४ भरली होती. १८५१ साली ती ६५,५२,३८५ भरली. दरम्यानच्या काळात सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व तिच्यामागून आलेल्या तापांनी मेली, आणि तितकीच किंबहुना अधिक समुद्रापार गेली. दुष्काळ १८५२ च्या सुमारास ओसरला. त्यानंतर पिके आली, भाव चढले, ज्यांच्याकडे जमीन राहिली होती ते पूर्वीपेक्षा सुखी झाले. तरी माणसांचा ओघ थांबला नाही. १९११ साली त्या बेटावर अवघी ४४ लक्षांच्या आसपास वस्ती उरली होती. पीक परतले, माणसे परतली नाहीत. वर सांगितलेल्या पहिल्या मताचे उत्तर या आकड्यांतच आहे; ते असे का झाले, हे मात्र तेथील जमिनीची व्यवस्था पाहिल्यावाचून ध्यानात येणार नाही.

जमीन मूठभर मालकांची होती व त्यांतील पुष्कळसे इंग्लंडात राहात. मालकाकडून मोठा मक्तेदार मक्ता घेई, तो लहान कुळांस तुकडे पाडून देई, कुळे पोटकुळांस देत, आणि अगदी तळाशी असलेला मजूर एखाद-दुसऱ्या एकराच्या बदली वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबे. प्रत्येक पायरीवर खंड वाढत जाई. बहुतेक कुळांस लेखी पट्टा नसे. कुळाने दगड वेचून, चर खणून जमीन सुधारिली तर ती सुधारणा मालकाची होई व पुढच्या वर्षी तिच्यावरच खंड वाढे. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात मात्र निराळी वहिवाट होती. जाणाऱ्या कुळास आपला हक्क येणाऱ्या कुळास विकता येई, व तेथे शेते व घरे पुष्कळ बऱ्या स्थितीत होती. आपल्याकडील जमीनदार मंडळींनी हा फरक मनात धरून ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्याच्याशी निगडित आहे.

अशा कुळाचा जमाखर्च साधा होता. गहू, ओट वगैरे जे धान्य पिके ते विकून खंड भरावयाचा, आणि स्वतः बटाटा खावयाचा. बटाट्यास जमीन थोडी लागते. एका बऱ्या एकरात पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचे वर्षातील बहुतेक महिने निघत. कष्टाचे काम करणारा पुरुष दिवसाकाठी बारा-चौदा रत्तल बटाटे खाई, व सोबत ताक. देशातील सुमारे एक तृतीयांश लोकांचे हेच अन्न होते. साली व उरलेसुरले बटाटे घरच्या डुकरास घालीत, आणि ते डुक्कर वाढवून विकले म्हणजे खंडाची भर होई. म्हणून तेथे डुकरास थट्टेने ‘खंड भरणारे साहेब’ म्हणत. म्हणजे बटाटा हे केवळ अन्न नव्हते. मजुरी, खंड व जनावर या तिहींचा तो आधार होता.

या आधारात एक मोठे वैगुण्य होते. आपल्याकडे ज्वारी पेवात घालून दोन-तीन वर्षे राखिता येते. एक साल बुडाले तर मागील सालचे धान्य निघते. बटाटा नवे पीक येईपावेतोदेखील टिकत नाही. सुकाळाच्या वर्षीही जून-जुलैच्या सुमारास तेथे जुने बटाटे संपत व नवे खणावयास अवकाश असे. त्या दिवसांत पुष्कळ बायकामुले भीक मागत रस्त्याने फिरत आणि पुरुष हंगामी कामासाठी इंग्लंडात जात. शिवाय ज्याची मजुरी जमिनीच्या तुकड्यात फिटते त्याच्या हातात रोकड जवळजवळ येतच नाही. पश्चिमेकडील कित्येक भागांत धान्याचे दुकानच नव्हते, कारण विकत घेणारे गिऱ्हाईक नव्हते.

१८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर एक नवा रोग दिसू लागला. हा रोग अमेरिका खंडातून युरोपात आला. तो बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवापासून होतो, हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले. ओलसर हवेत तो वाऱ्याबरोबर पसरतो. पाने काळी पडतात आणि जमिनीतील बटाटा सडून त्यास दुर्गंधी सुटते. पहिल्या वर्षी पिकाचा काही भाग गेला. लोकांनी जनावर विकून, अंगावरची वस्त्रे गहाण ठेवून तो काळ काढिला. १८४६ साली मात्र जवळजवळ सर्व पीक नष्ट झाले. १८४७ साली रोग फारसा पडला नाही, बटाटा उत्तम आला. परंतु त्या वर्षी लागवडच सुमारे तीन लक्ष एकरांत झाली होती. दुष्काळापूर्वी ती वीस लक्ष एकरांहून अधिक असे. कारण उघड आहे. मागल्या हिवाळ्यात लोकांनी बियाणे खाल्ले होते. देवाने पीक दिले, पण पेरावयास कोणापाशी काही नव्हते. या संपूर्ण हकीगतीत आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट हीच वाटते. १८४८ साली रोग पुन्हा आला.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांनी १८४५ च्या अखेरीस सुमारे एक लक्ष पौंडांचा मका अमेरिकेतून गुप्तपणे खरेदी करविला. लोकांस तो खाण्याची सवय नव्हती व प्रथम प्रथम तो नीट दळलाही जात नसे, यामुळे पोटाचे विकार झाले. तथापि पहिल्या वर्षी त्याने पुष्कळांचे प्राण राखिले. १८४६ च्या मध्यास पील यांचे प्रधानमंडळ गेले व लॉर्ड जॉन रसेल आले. खजिन्याचे काम पाहणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन यांचा विश्वास असा की, सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालू नये, व फुकट अन्न दिल्याने लोक आळशी होतात. हेच गृहस्थ पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झाले. धान्याची निर्यातही बंद केली गेली नाही. उपाशी मुलखातून ओट व गुरे बंदरावर जात राहिली. १८४७ साली बाहेरून आलेले धान्य बाहेर गेलेल्या धान्याहून पुष्कळ अधिक होते, हे सांगितले पाहिजे. परंतु ते येण्यापूर्वीचा हिवाळा निघून गेला होता. व्यापारी वाचकांस हे समजावून सांगावयास नको की, माल भुकेच्या मागे जात नाही, दर देणाऱ्याच्या मागे जातो. आणि पश्चिम आयर्लंडात दर देणारा मनुष्य उरला नव्हता.

रसेल यांच्या कारकिर्दीत मुख्य भर सार्वजनिक कामांवर होता. रस्ते करावे, खडी फोडावी, आणि कामाच्या मापाने मजुरी घ्यावी. १८४७ च्या मार्चात या कामांवर सात लक्षांहून अधिक माणसे होती. मजुरी दिवसाची आठ-दहा पेन्सांच्या आसपास, तीही आठवड्याचे आठवडे थकलेली. धान्याचे भाव मात्र दुपटीवर गेलेले. अंगावर धड वस्त्र नसलेली माणसे बर्फात उभी राहून, कोठेच न जाणारे रस्ते बांधीत होती. असे काही रस्ते आजही तेथील डोंगरांत दाखवितात. यात आणखी एक घात झाला. शेत नांगरण्याचा हंगाम आला तेव्हा कुळे रस्त्यावर होती, कारण शेतात उभे राहिले तर त्या दिवसाची मजुरी बुडत होती. आपल्याकडील वाचकांस हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. १८७७ साली दक्षिणेतील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुरी एक रत्तल धान्याच्या बेताची केली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे वारंवार लिहिले. तोच विचार, तीस वर्षांनी, दुसऱ्या देशात.

१८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने काही महिने कामे बंद करून अन्नछत्रे उघडिली, आणि जुलैमध्ये रोज तीस लक्ष माणसांस शिजविलेले अन्न मिळू लागले. सर्व उपायांत हाच उपाय सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी ठरला. मृत्यूंचे प्रमाण लगेच उतरले. परंतु सप्टेंबरानंतर ती छत्रेही बंद झाली. यापुढे आयर्लंडातील दारिद्र्याचा भार आयर्लंडातील मालमत्तेनेच सोसावा, असे ठरून दरिद्र्यांच्या पोषणाचा खर्च स्थानिक पट्टीवर टाकण्यात आला.

ज्या कायद्याने ही व्यवस्था झाली त्यात डब्लिनचे एक सभासद विल्यम ग्रेगरी, जे पुढे सिंहलद्वीपाचे गव्हर्नर झाले, यांच्या सूचनेवरून एक कलम घातले गेले. ज्याच्या ताब्यात पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, अधिक जमीन आहे त्यास जमीन सोडून दिल्याखेरीज सरकारी मदत मिळणार नाही, असे ते कलम. वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. ज्याच्यापाशी जमीन आहे तो भिकारी कसा, असा व्यवहारी प्रश्न सभागृहात फारसा कोणास खटकला नाही. परंतु तीन एकर जमीन, बियाणे नाही, जनावर नाही, पोरे तापाने पडलेली, अशा कुळापुढे या कलमाने दोनच वाटा ठेविल्या. जमीन राखावी आणि मरावे, किंवा जमीन द्यावी आणि जेवावे. कित्येकांनी पहिली वाट धरिली. ज्यांनी दुसरी धरिली त्यांस महिन्या-दोन महिन्यांचे अन्न मिळाले व त्यानंतर आयुष्यभर परत जावयास ठिकाण राहिले नाही. कित्येक ठिकाणी जमिनीबरोबर झोपडीही मागून घेत, व कूळ बाहेर पडताच तिचे छप्पर उतरवीत, जेणेकरून ते पुन्हा आत शिरू नये.

मालकाच्या बाजूनेही एक कलम तसेच उलटे काम करीत होते. ज्या जमिनीचे वार्षिक मूल्य चार पौंडांपर्यंत असे तिच्यावरील सर्व पट्टी कुळाऐवजी मालकास भरावी लागे. म्हणजे लहान कुळे जितकी अधिक, तितका मालकास भुर्दंड अधिक. आणि खंड तर येतच नव्हता. लहान कुळे उठवून जमीन एक केली की पट्टी वाचे. सर्व मालक निर्दय होते असे नाही. काहींनी खंड माफ केला, स्वखर्चाने अन्न दिले आणि त्यापायी आपली इस्टेट कर्जात बुडविली. परंतु कायदा असा रचिला होता की, दयाळू मनुष्य दिवाळखोरीकडे जाई व कठोर मनुष्य तरे. पोलिसांनी १८४९ पासून हकालपट्टीची नोंद ठेविली. १८४९ ते १८५४ पर्यंत कायमचे उठविलेल्या माणसांची संख्या सुमारे अडीच लक्ष भरते. जे हुकूमनाम्यावाचून, केवळ धाकाने किंवा दोन पौंड हातावर ठेवून उठविले गेले ते या आकड्यात नाहीत.

आता देशांतर कोणी केले ते पाहावे. सर्वांत उपाशी तेच प्रथम निघाले असतील, असे वाटणे साहजिक आहे. झाले याच्या उलट. पश्चिम किनाऱ्यावरील अत्यंत दरिद्री भागांतून आरंभी फार थोडी माणसे बाहेर पडली, कारण जहाजाच्या भाड्याइतका पैसा त्यांच्यापाशी कधीच नव्हता. ती तेथेच मेली. निघाले ते पाच-दहा एकरवाले शेतकरी. ज्यांनी गाय, घोडा, शेवटचे ओटाचे पीक विकले, खंड भरण्याऐवजी ती रक्कम कमरेस बांधिली, आणि एका रात्री घराचे दार ओढून घेतले, असे. १८४७ साली दोन लक्षांहून अधिक लोक समुद्रापार गेले. परंतु लाट सर्वांत उंच चढली ती १८५१ साली, जेव्हा दुष्काळाची धार बोथट होत होती. त्या वर्षी संख्या अडीच लक्षांच्या घरात गेली. यावरून असे दिसते की, कुटुंबाने देश सोडिला तो भुकेच्या पहिल्या वर्षी नव्हे. पहिल्या वर्षी त्याने जनावर विकले, दुसऱ्या वर्षी बियाणे खाल्ले, तिसऱ्या वर्षी जमीन दिली. राहून पुन्हा उभे राहण्याचे साधन एकही उरले नाही, तेव्हा ते निघाले.

काहींस मालकांनीच पाठविले. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाऊन इस्टेटीचे मालक डेनिस मेहन यांस वारशाने मिळालेली इस्टेट थकबाकीत होती. वर्षभर कुळांस पोसण्यापेक्षा त्यांचे भाडे भरून देणे स्वस्त पडेल, असा हिशेब त्यांच्या कारभाऱ्याने मांडून दाखविला, व १८४७ साली सुमारे हजार माणसे क्वेबेककडे रवाना झाली. त्यांतील ‘व्हर्जिनियस’ नावाच्या जहाजावर ४७६ प्रवासी होते; वाटेतच १५८ मेले. मेहन यांचा त्याच वर्षी नोव्हेंबरात गोळी घालून खून झाला. त्यांच्या वाड्यात आज त्या दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

केरी परगण्यात केनमेअर येथे लॉर्ड लॅन्सडाऊन यांची इस्टेट होती. हिंदुस्थानचे १८८८ ते १८९४ पर्यंतचे व्हाइसरॉय लॅन्सडाऊन हे त्यांचेच नातू. तेथील कारभारी स्टुअर्ट ट्रेंच यांनी १८५१ च्या सुमारास दरिद्राश्रमातील काही हजार कुळांस अमेरिकेस धाडिले. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे की, यांस एक वर्ष पोसण्याचा खर्च या भाड्याहून अधिक झाला असता. जाणाऱ्या माणसास तुमची इच्छा काय, असे विचारिले गेले होते, हेही खरे. परंतु ज्यास दरिद्राश्रम व जहाज या दोहोंतूनच निवड करावयाची आहे त्याच्या इच्छेचा अर्थ सूज्ञांनीच करावा.

जहाजांची स्थिती वर्णावयास मन घेत नाही. कॅनडाहून लाकूड आणणारी जहाजे परतीच्या खेपेस रिकामी जात. त्यांत फळ्या ठोकून माणसे भरीत, म्हणून क्वेबेकचे भाडे न्यूयॉर्कपेक्षा कमी पडे व गरीब लोक तिकडे वळत. लिव्हरपूल बंदरात १८४७ या एका वर्षात सुमारे तीन लक्ष आयरिश उतरले. भाडे असलेले पुढे गेले, नसलेले तेथील तळघरांत राहिले. अंगावरील उवांबरोबर टायफस नामक तापाची साथ जहाजावर चढे. क्वेबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीत ग्रोस ईल नावाचे बेट आहे. तेथे रोग्यांस उतरवून घेत. त्या वर्षी त्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. आईबाप गमावलेली कित्येक मुले फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांनी घरी नेऊन वाढविली, आणि त्यांची आयरिश आडनावे तशीच राहू दिली. ती आडनावे क्वेबेकात अद्याप चालतात.

इतके होऊनही लोक जात राहिले ते कशाच्या बळावर? येथे त्या दुसऱ्या मताचा, म्हणजे चार पैशांच्या लोभाचा, विचार करणे प्राप्त आहे. अमेरिकेत त्या काळी कालवे व लोहमार्ग बांधिले जात होते, घरकामास बायका हव्या होत्या, व मजुरी आयर्लंडाच्या कित्येक पट होती. ही ओढ खरी होती. परंतु ती ओढ दुष्काळाच्या आधीही होती. १८१५ ते १८४५ या तीस वर्षांत आठ ते दहा लक्ष आयरिश तिकडे गेले होते, आणि तरीही केरी व मेयोचा गरीब शेतकरी आपल्या दोन एकरांस चिकटून होता. तो हलला तो दोन एकर गेल्यावर.

त्याचे भाडे सरकारने भरिले नाही, व मालकांनीही थोड्यांचेच भरिले. ते भरिले आधी गेलेल्यांनी. मोठी मुलगी प्रथम जाई. आयरिश देशांतराचे एक वैशिष्ट्यच हे की, त्यात जवळजवळ निम्म्या बायका होत्या. ती न्यूयॉर्कात किंवा बॉस्टनात कोणाच्या घरी स्वयंपाकपाणी करी, पगारातून पैसे साठवी, आणि धाकट्या भावाचे आधीच भरलेले तिकीट पत्रात घालून धाडी. भाऊ गेल्यावर दोघे मिळून आईस बोलावीत. सरकारी देशांतर-कमिशनरांनी अशा रकमांची जी नोंद केली तीप्रमाणे १८४८ साली ४,६०,००० पौंड व १८५१ साली ९,९०,००० पौंड अमेरिकेहून आयर्लंडात आले. मोलकरणींच्या व हमालांच्या पगारातून साठलेली ही रक्कम आहे, हे हिशेब ठेवणाऱ्या वाचकांनी मनात आणावे. निघण्याच्या आदल्या रात्री गाव जमे, आणि प्रेताशेजारी जागतात तसे रात्रभर जागून, मेलेल्या माणसासाठी करितात तसाच शोक जाणाऱ्यासाठी करीत. त्यास ‘अमेरिकन जागरण’ म्हणत. लोभाने निघालेल्या मनुष्यासाठी कोणी असे रडत नाही.

आणि ही माणसे स्वभावतः उधळी किंवा आळशी होती, या समजुतीसही पुरावा नाही. केनमेअरहून पाठविलेली ती दरिद्राश्रमातील कुळे न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स नामक, त्या शहरातील सर्वांत बकाल वस्तीत राहिली. तेथे १८५० साली देशांतर केलेल्यांसाठी एक बचतपेढी निघाली होती. तिच्या वह्या अद्याप शाबूत आहेत व अलीकडे अभ्यासकांनी त्या तपासिल्या आहेत. दहा वर्षांच्या आत या कुळांपैकी कित्येकांच्या नावे शंभर डॉलरांहून अधिक शिल्लक आढळली. खणती तीच, हात तेच. फरक इतकाच की, येथे खणलेल्याचा मोबदला खणणाराच्या नावे जमा होत होता.

दुष्काळाच्या त्या वर्षांत परदेशांतून जी मदत गेली तिचीही हकीगत सांगण्याजोगी आहे. अगदी आरंभीची मोठी वर्गणी कलकत्त्यास जमली. १८४६ साली तेथे समिती होऊन सुमारे १४,००० पौंड धाडिले गेले, व त्यांत हिंदी लोकांचाही पैसा होता. मुंबईहूनही वर्गणी गेली. तुर्कस्तानच्या सुलतानांनी १,००० पौंड दिले. अमेरिकेतील चोक्टॉ या मूलनिवासी लोकांस १८३१ पासून त्यांच्या स्वतःच्या भूमीतून सक्तीने हाकून पश्चिमेस नेले होते व वाटेत त्यांचे हजारो लोक मेले होते. त्यांनी १८४७ च्या मार्चात १७० डॉलर जमवून पाठविले. कॉर्क परगण्यात मिडल्टन येथे त्यांच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचे एक शिल्प उभारिले असून ते २०१७ साली चोक्टॉ मंडळींच्या हजेरीत अर्पण झाले. आणि २०२० साली महामारीत नवाहो व होपी या अमेरिकेतील दुसऱ्या मूलनिवासी लोकांवर संकट आले तेव्हा हजारो आयरिश लोकांनी त्या १७० डॉलरांची आठवण देऊन त्यांस वर्गणी धाडिली.

या सर्व पैशाचा विनियोग कोणी उत्तम केला, असे विचारिले तर बहुतेक इतिहासकार क्वेकर पंथाच्या समितीचे नाव घेतात. १८४६ च्या नोव्हेंबरात डब्लिन येथे ही समिती बसली. हिचे सभासद स्वतः पश्चिमेकडील खेड्यांत हिंडले, झोपड्यांत शिरले, व जे पाहिले ते छापून प्रसिद्ध केले. प्रथम त्यांनीही कढया चढवून रसाचे वाटप केले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, अन्न दिल्याने मनुष्य आज वाचतो, परंतु उद्या पेरावयास त्याच्यापाशी काही नसते. तेव्हा त्यांनी बटाट्याखेरीज सलगम वगैरे इतर पिकांचे बियाणे वाटले. कोणापासूनही त्यांनी जमीन सोडून मागितली नाही. १८४९ साली मात्र त्यांनी सरकारास स्पष्ट कळविले की, हे काम आता खासगी वर्गणीच्या आटोक्यापलीकडचे आहे, आणि जमिनीचा कायदा सुधारल्यावाचून ते निभावणार नाही.

गॉलवे शहराच्या कडेस क्लॅडा नावाची कोळ्यांची जुनी वस्ती होती. समोर मासळीने भरलेला समुद्र असून ते कोळी उपाशी आहेत, हे ऐकून पुष्कळांनी त्यांस आळशी ठरविले होते. क्वेकरांची माणसे तेथे जाऊन चौकशी करू लागली, तेव्हा कळले की, धान्यासाठी कोळ्यांनी आपली जाळी व होड्यांचे सामान सावकाराकडे गहाण टाकिले आहे. समितीने त्यांस अन्न वाटण्याऐवजी थोडथोडी रक्कम कर्जाऊ दिली, आणि जाळी सोडवून आणावयास सांगितली.